प्लेझर आयलंडचे सहा क्लब एकाच रात्री बंद झाले: एक प्रकरण अभ्यास

फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये २७ सप्टेंबर २००८ च्या रात्री सहा नाइटक्लब कायमचे बंद झाले: मॅनिकिन्स, एट-ट्रॅक्स, मोशन, बीईटी साउंडस्टेज, कॉमेडी वेअरहाउस आणि ॲडव्हेंचरर्स क्लब. सगळे प्लेझर आयलंड नावाच्या एकाच छोट्या बेटावर होते आणि हे बेट एकोणीस वर्षं चाललं होतं. मुलाबाळांच्या जागेत दारूचे क्लब कधीतरी बंद पडणारच होते, असं या घटनेबद्दल सहज म्हटलं जातं. मला ते पटत नाही. जी जागा दोन दशकांच्या आसपास चालते, तिच्या बंद पडण्याचं कारण इतकं सरळ नसतं. कागदोपत्री निर्णय २००८ चा असला, तरी क्लबांचा पाया २००४ मध्येच उखडला होता असं माझं वाचन आहे. आणि बंद करताना कामांचा क्रम चुकला, त्याची किंमत पुढे बरीच वर्षं मोजावी लागली.

निर्णय घेणाऱ्या आणि नोकरी गमावणाऱ्या माणसांची नावं इथे दिलेली नाहीत. जागांची नावं आणि तारखा मात्र खऱ्या आहेत.

पार्श्वभूमी

१९८० च्या दशकात डिस्नेच्या हॉटेलात उतरलेले पाहुणे दिवसभर पार्कात फिरत आणि रात्री गाडी काढून ऑर्लँडो शहरात जात. तिथे चर्च स्ट्रीट स्टेशन नावाचा जुन्या इमारतींचा परिसर १९७४ पासून उभा राहिला होता. संगीत, नाच, मद्यपान, सगळं एकाच गल्लीत मिळायचं. दिवसाचा पैसा डिस्नेकडे आणि रात्रीचा शहराकडे, अशी ती वाटणी होती. कंपनीच्या नव्या नेतृत्वाला ती खुपणं साहजिक होतं.

त्यावर उत्तर म्हणून १ मे १९८९ रोजी प्लेझर आयलंड उघडलं. त्याच दिवशी डिस्ने-एमजीएम स्टुडिओज हा तिसरा पार्कही सुरू झाला. लेक ब्युएना व्हिस्टाच्या बाजारपेठेला लागून, पाण्यानं वेढलेलं सुमारे सहा एकरांचं हे बेट. डिस्नेच्या सवयीप्रमाणे त्याला एक कहाणीही दिली गेली. मेरीवेदर प्लेझर नावाच्या काल्पनिक उद्योजकानं १९११ मध्ये इथे जहाजांच्या शिडांचं कापड बनवायला सुरुवात केली, १९४१ मध्ये तो समुद्रावर नाहीसा झाला, कारखाने ओस पडले आणि आता त्याच गोदामांत क्लब उघडलेत. इमारतींवर पितळी पाट्या लावून ही गोष्ट तुकड्यातुकड्यानं सांगितली होती. ती वाचायला फार कमी लोक थांबत असतील, पण त्या गोष्टीमुळेच बेटाला एक चेहरा आला होता.

१९९० पासून इथे रोज रात्री ३१ डिसेंबर साजरा होऊ लागला. वर्षाचे सगळे दिवस. रस्त्यावरच्या मंचावर बँड, उलटी मोजणी, आतषबाजी आणि डोक्यावर पडणाऱ्या कागदी चकत्या. आठवडाभराच्या सुट्टीला आलेल्या माणसाला आपली एक नववर्षाची रात्र मिळायची आणि सगळे क्लब त्या क्षणी रस्त्यावर रिकामे व्हायचे. नाचायला आलेला, विनोद ऐकायला आलेला, नुसताच बिअर घेऊन उभा असलेला, सगळे एका गर्दीत. पुढे काय घडलं ते समजायला ही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी.

क्लबांपैकी मॅनिकिन्सची नाचाची जमीन फिरती होती. डिस्नेत काम करणारे तरुण तिथे मोठ्या संख्येनं येत. कॉमेडी वेअरहाउसमध्ये प्रेक्षकांनी सुचवलेल्या विषयांवर तिथल्या तिथे प्रसंग उभे केले जात. पण लोकांच्या मनात घर केलं ते ॲडव्हेंचरर्स क्लबनं.

हा क्लब म्हणजे १९३७ सालातलं असल्यासारखं सजवलेलं, जगभर भटकणाऱ्या हौशी संशोधकांचं एक काल्पनिक सभागृह. भिंती मुखवट्यांनी, जुन्या फोटोंनी, पेंढा भरलेल्या जनावरांनी भरलेल्या. तुम्ही बारच्या स्टुलावर टेकायचात आणि थोड्या वेळानं लक्षात यायचं की स्टूल हळूहळू खाली चाललंय, कारण त्याची कळ बारमागच्या माणसाच्या हातात असायची. शेजारी उभा राहून कुठल्याशा मोहिमेबद्दल तावातावानं बोलणारा गृहस्थ नट निघायचा. भिंतीवरचा एखादा मुखवटा बोलू लागायचा. नव्या माणसाला शपथ देऊन सभासद करून घेत आणि सगळे मिळून ‘कुंगालूश’ अशी आरोळी ठोकत. मंचासमोर मांडलेल्या खुर्च्यांत बसून पाहायचा हा खेळ नव्हता. पाहुणा त्यात पात्र व्हायचा, म्हणून तेच लोक वर्षानुवर्षं परत येत. अशा नटांना तयार करायला वर्षं लागतात आणि कमाई मात्र मुख्यतः पेयांच्या बिलावर. हिशेबाच्या वहीत असा क्लब कायमच महाग दिसणार.

अडचण

स्पर्धा वाढली हे पहिलं कारण. १९९९ मध्ये डिस्नेची ऑर्लँडोतली प्रतिस्पर्धी कंपनी युनिव्हर्सलनं आपल्या दोन पार्कांच्या तोंडाशीच सिटीवॉक हा क्लब आणि उपाहारगृहांचा परिसर उघडला. पार्कातून बाहेर पडणारा जवळपास प्रत्येक माणूस त्यातूनच जातो. २००१ च्या सप्टेंबरमधल्या दहशतवादी हल्ल्यांनंतर तर ऑर्लँडोचं सगळं पर्यटनच बसलं.

दुसरी अडचण जागेच्या नकाशातली होती. डिस्नेनं १९९७ मध्ये या सगळ्या भागाला डाउनटाउन डिस्ने असं नाव दिलं. एका टोकाला दुकानांची मार्केटप्लेस, दुसऱ्या टोकाला हाउस ऑफ ब्लूज हे संगीताचं ठिकाण वगैरे असलेली नवी वेस्ट साइड आणि बरोबर मधे प्लेझर आयलंड. संध्याकाळनंतर या मधल्या बेटावर तिकिटाशिवाय जाता येत नसे. म्हणजे खरेदीला आलेल्या कुटुंबाला एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचं, तर वाटेत फाटक. भाडं भरणाऱ्या दुकानदारांच्या दृष्टीनं हा अडथळाच होता, आणि त्यांची बाजू चुकीची नव्हती.

म्हणून २००४ मध्ये फाटक काढलं. रस्ता सगळ्यांना मोकळा झाला आणि क्लबच्या दारात तिकीट घेतलं जाऊ लागलं.

माझ्या मते हा या प्रकरणातला सर्वांत मोठा निर्णय, आणि त्यावर सर्वांत कमी बोललं जातं. फाटक होतं तेव्हा सुमारे वीस डॉलर भरून माणूस आत आला की रात्रभर कुठेही जा. एट-ट्रॅक्समध्ये सत्तरच्या दशकातली गाणी ऐकायची, कंटाळा आला की विनोद बघायचे, बारा वाजता रस्त्यावर यायचं. एखादा क्लब आवडला नाही तरी पैसे फुकट गेले असं वाटत नसे. ॲडव्हेंचरर्स क्लबसारख्या, नाव ऐकून काहीच अंदाज न येणाऱ्या जागी लोक सहज डोकावत ते याच कारणानं. फाटक गेल्यावर प्रत्येक दाराशी माणूस विचार करू लागला की इथे पैसे भरावेत का. सगळ्या क्लबांचं मिळून तिकीट तेव्हाही मिळायचं, पण फुकट फिरता येणाऱ्या रस्त्यावर उभं राहून ते काढणारे कमी झाले.

वयाची तपासणीही विखुरली. पूर्वी फाटकाशीच ओळखपत्र बघून मनगटाला पट्टी बांधली जायची. फ्लोरिडात मद्यासाठी वयाची अट २१ वर्षांची. आता तीच तपासणी दारोदार करायची आणि रस्त्यावर मात्र कुणीही. सुट्टीच्या रात्री गावातल्या अल्पवयीन मुलांचे घोळके नुसतेच फिरत राहतात, ही तक्रार स्थानिकांत वारंवार होऊ लागली. क्लबला आलेल्यांना ते नको होतं, मुलं घेऊन आलेल्या आईवडिलांना तर मुळीच नको होतं. दोघांचीही सोय करायला काढलेल्या फाटकानं दोघांचीही गैरसोय केली.

रस्ता मोकळा झाल्यावर रोजच्या नववर्षाला अर्थ उरला नाही. फुकट बघणाऱ्यांसाठी रोज आतषबाजी कोण करील? २००५ अखेर तो सोहळा बंद झाला. रस्त्यावरचे मंचही नंतर काढले गेले. त्याच वर्षी जॅझ क्लबच्या जागी रॅगलन रोड हे आयरिश पब-उपाहारगृह आलं. ते बाहेरचे लोक चालवत, तिथे जेवण मिळे, संगीत असे आणि मुलांना घेऊनही जाता येई. ते उत्तम चाललं. व्यवस्थापनासमोर आता दोन आकडे शेजारीशेजारी आले असणार: स्वतःच्या पगारी माणसांवर रात्री काही तास चालणारा क्लब, आणि दुपारपासून मध्यरात्रीपर्यंत चालून वर भाडं देणारं उपाहारगृह. २००८ च्या सुरुवातीलाच रॉक अँड रोल बीच क्लब बंद झाला, तेव्हा वारा कुठे वाहतोय ते दिसत होतं.

समोरचे पर्याय

त्या टप्प्यावर अशा जागेच्या चालकासमोर साधारण चार वाटा असतात.

फाटक परत बसवणं ही पहिली. कागदावर सोपी, प्रत्यक्षात जवळपास अशक्य. चार वर्षं फुकट चालू दिलेल्या रस्त्यावर पुन्हा तिकीट लावलं की पाहुणे आणि दुकानदार दोघंही भडकतात.

दुसरी वाट क्लब बाहेरच्या चालकांना भाड्यानं देण्याची. नाचाच्या क्लबांना ती चालली असती. असे क्लब चालवणारे व्यावसायिक अमेरिकेच्या प्रत्येक मोठ्या शहरात आहेत. यात डिस्नेला भीती नावाची. रात्री दोन वाजता एखाद्या भाडेकरूच्या दारात मारामारी झाली, तरी बातमीत नाव डिस्नेचंच येणार.

तिसरी वाट निवडीची: नाचाचे चार क्लब बंद करायचे आणि नटांवर चालणारे दोन, कॉमेडी वेअरहाउस व ॲडव्हेंचरर्स क्लब, ठेवायचे. नाचाचा क्लब जगात कुठेही मिळतो, हे दोन मिळत नव्हते. शिवाय दोन्हींत लोक मद्यापेक्षा खेळासाठी येत. ॲडव्हेंचरर्स क्लबला संध्याकाळी लवकर उघडून, साधं जेवण देऊन, मोठ्या मुलांसह कुटुंबांना बोलावता आलं असतं. मी त्या जागी असतो तर हीच वाट धरली असती.

चौथी वाट सगळं बंद करून दुकानं आणि उपाहारगृहं आणण्याची. इमारत रात्रीपुरती जागी राहण्याऐवजी सकाळपासून कमावू लागते. भाडं ठरलेलं, विक्रीतला वाटा वेगळा, नटांचे पगार नाहीत आणि वयाची कटकटही नाही.

निर्णय आणि अंमलबजावणी

कंपनीनं चौथी वाट घेतली. जून २००८ च्या अखेरीस घोषणा झाली: सहाही क्लब तीन महिन्यांत बंद, त्या जागी कुटुंबांसाठी खरेदी आणि खाण्यापिण्याची नवी ठिकाणं. पाहुण्यांना हेच हवंय, असं कारण देण्यात आलं. कर्मचाऱ्यांना कंपनीतच इतरत्र काम शोधून देण्याचं आश्वासन होतं. बार सांभाळणाऱ्याला ते सोयीचं ठरू शकतं. पंधरा-वीस वर्षं एकच पात्र रंगवलेल्या नटाला मात्र ‘इतरत्र’ म्हणजे कुठे, याला उत्तर नसतं. अशी भूमिका जगात त्या एका खोलीतच होती.

घोषणेनंतर जे झालं ते बहुधा कुणाच्याच हिशेबात नव्हतं. ॲडव्हेंचरर्स क्लब वाचवा म्हणून चाहत्यांनी मोहीम सुरू केली, सह्या गोळा केल्या. दूरदूरच्या राज्यांतून लोक शेवटचं बघायला आले. उन्हाळाभर क्लब भरून वाहत होता आणि शेवटच्या रात्री लांब रांगा लागल्या. व्यवस्थापन म्हणू शकतं, आणि म्हणायलाही हवं, की निरोपाची गर्दी म्हणजे रोजचं गिऱ्हाईक नव्हे. बरोबर आहे. पण ज्या क्लबच्या निरोपाला लोक विमानानं येतात, तो क्लब पार्काचं एक आकर्षण झालेला असतो. त्याची मोजणी बारच्या गल्ल्यावरून करणं हीच मुळात चुकीची मोजणी होती. लोक त्या एका संध्याकाळसाठी हॉटेलच्या खोल्या घेत होते आणि ते पैसे वेगळ्या खात्यात जमा होत होते.

सहापैकी हा एक क्लब खासगी समारंभांसाठी आणखी वर्षभर उघडत राहिला. चाहत्यांच्या मेळाव्यासाठी २५ सप्टेंबर २००९ रोजी तो शेवटचा उघडला. मागणी होती, इमारत शाबूत होती, नट बोलावल्यावर येत होते. म्हणजे तिसरी वाट त्या वर्षभरातही खुली होती.

परिणाम

क्लब बंद होण्याच्या बारा दिवस आधी, १५ सप्टेंबर २००८ रोजी, लीमन ब्रदर्स ही अमेरिकेतली मोठी गुंतवणूक बँक कोसळली आणि मंदी तीव्र झाली. घोषणा जूनमधली असल्यानं तिचा संबंध या मंदीशी जोडता येत नाही. पण ज्या नव्या भाडेकरूंच्या भरवशावर ती घोषणा होती, तो बाजारच थंडावला. कर्ज मिळेना, साखळी दुकानं नव्या शाखा उघडेनात. बेटावर एखाद-दुसरं उपाहारगृह आलं, बाकी इमारती बंदच. काही नंतर पाडल्या गेल्या. मार्केटप्लेसहून वेस्ट साइडला जाणारी कुटुंबं अंधाऱ्या दारांसमोरून चालू लागली. ज्या सलग रस्त्यासाठी फाटक काढलं, तो रस्ता मिळाला, पण त्याच्या दुतर्फा काही नव्हतं.

नोव्हेंबर २०१० मध्ये हायपेरियन वॉर्फ नावाची नवी योजना जाहीर झाली: विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं बंदर, दिव्यांनी उजळलेलं. तीही बारगळली. मार्च २०१३ मध्ये डिस्ने स्प्रिंग्जची घोषणा झाली आणि सप्टेंबर २०१५ मध्ये सगळ्या परिसराचं तसं नामांतर झालं. प्लेझर आयलंडचा भाग आता ‘द लँडिंग’ म्हणून ओळखला जातो. मुंबई-पुण्याहून टूर कंपन्यांबरोबर ऑर्लँडोला जाणारी आपली मंडळी संध्याकाळी जिथे मोकळी सोडली जातात, ती हीच जागा.

डिस्ने स्प्रिंग्ज चालतं, आणि जोरात चालतं, हे मान्य करायलाच हवं. मोठी वाहनतळं आली, दुकानं जवळपास दुप्पट झाली, गर्दी दिवसभर असते. शेवटचं चित्र पाहिलं तर चौथी वाट धंद्याला फायद्याची ठरली. फक्त तिथे पोचायला क्लब बंद झाल्यापासून सात वर्षं लागली. आणि डिसेंबर २०१५ मध्ये मॅजिक किंगडम या डिस्ने वर्ल्डच्या सर्वांत जुन्या पार्कात जे जंगल-मोहिमेच्या कल्पनेवरचं उपाहारगृह उघडलं, त्यात ॲडव्हेंचरर्स क्लबच्या खुणा जागोजागी पेरलेल्या आहेत. जी आठवण अजून विकली जाते, ती जिवंत असताना तोट्यात धरली गेली होती.

वेगळं काय करता आलं असतं

२००४ मध्ये मूळ प्रश्न वाटेचा होता. मार्केटप्लेस आणि वेस्ट साइड जोडायचे होते. त्यासाठी पाण्याच्या कडेनं किंवा बेटाच्या बाहेरून एक चांगला उजेडाचा रस्ता काढून फाटक आत सरकवता आलं असतं. खर्च झाला असता, पण एका तिकिटावर सगळीकडे फिरण्याची पद्धत टिकली असती. निदान रस्ता रात्री नऊपर्यंत सगळ्यांना खुला आणि नंतर तिकिटाचा, अशी वेळेची विभागणी एखादा हंगाम करून बघता आली असती. फाटक एकदा काढलं की परत बसवता येत नाही, आणि असे निर्णय प्रयोगानंच घ्यायचे असतात.

२००५ मध्ये रोजचं नववर्ष बंद करताना त्याचा खर्च मोजला गेला असणार, परिणाम मोजला गेला असं दिसत नाही. त्या एका सोहळ्यामुळे लोक बारापर्यंत थांबत होते. थांबलेला माणूस आणखी एक पेय घेतो. रोज परवडत नव्हतं तर शुक्रवार-शनिवार ठेवता आलं असतं.

२००८ मध्ये सहाही क्लब एका रात्री बंद करण्याची निकड कुठून आली, हे मला कळत नाही. नव्या भाडेकरूंशी करार व्हायचे होते, नकाशे व्हायचे होते. पाडकाम तर बरंच पुढे. ज्या इमारतीचा भाडेकरू नक्की झाला ती आधी रिकामी करायची आणि बाकी क्लब चालू ठेवायचे, असा टप्प्याटप्प्याचा क्रम लावला असता, तर मंदीच्या वर्षांत निदान दोन-तीन क्लब रस्ता जागता ठेवून राहिले असते. तोट्यात का होईना, पण रिकाम्या इमारतीलाही तोटा असतोच. तो क्लबच्या खात्यात दिसत नाही, शेजारच्या दुकानांच्या घटलेल्या विक्रीत दिसतो.

नटांच्या बाबतीतही तीन महिन्यांची मुदत दिली गेली ती इमारत रिकामी करण्याच्या सोयीनं ठरलेली होती. दोन क्लबांतली ही मंडळी म्हणजे वर्षानुवर्षं एकमेकांच्या वेळा ओळखणारा संच होता. असा संच एकदा पांगला की पैसे टाकूनही परत उभा राहत नाही. त्यांना पार्कातच दुसरी जागा, अगदी एखाद्या हॉटेलच्या तळमजल्यावरचं दालन, आधी तयार करून द्यायला हवं होतं आणि मग जुनं दार लावायला हवं होतं. २००९ च्या त्या शेवटच्या मेळाव्यापर्यंत त्यासाठी वेळ होता.